मामाने पास केलेला माणूस

माझं लग्न एका खुनामुळे अडलं. खून मी केला नव्हता, माझ्या होणाऱ्या नवऱ्याने केला नव्हता, आणि ज्याने केला होता त्याला आमच्या घरात फक्त मामा ओळखत होता. पण तेवढी ओळख पुरली.

मामा लिफ्ट तपासनीस होता. नोकरीभर त्याने एकच काम केलं. लिफ्टमध्ये उभं राहून डोळे मिटायचे, एकदा वर जायचं, एकदा खाली यायचं, आणि बाहेर येऊन म्हणायचं, "पास." निवृत्त झाल्यावर लिफ्ट संपल्या, पण तोंडात बसलेला शब्द सुटेना. मग तो घरातल्या वस्तू आणि माणसं पास करू लागला. आमचा फ्रिज, मावशीचा डॉक्टर, ताईचा नवरा, सगळे मामाने पास केलेले. शेवटी माझा दातवालाही.

दातवाला म्हणजे ज्याच्याशी माझं ठरलं होतं तो. तो कवळ्या बनवतो. मावशीची कवळी त्याच्याच हातची, आमची ओळखही तिच्यामुळेच झाली. मावशीच्या तोंडातून निघालेलं आजवरचं हे एकमेव चांगलं स्थळ.

तर, जेलच्या पॅरोल समितीत एक प्रतिष्ठित नागरिक लागतो. आधीचे प्रतिष्ठित नागरिक वारले (लिफ्टमध्ये नाही) आणि त्यांच्या जागी मामाची नेमणूक झाली. समितीपुढे एक कैदी आला. जेलच्या स्वयंपाकघरात काम करायचा, खाली बघून बोलायचा, नखं कापलेली. कधीकाळी त्याने खोलीतल्या जोडीदाराचा खून केला होता. मामाने त्याला काही प्रश्न विचारले, डोळे मिटले आणि समितीला सांगितलं, "इतका सालस माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पास."

सालस माणूस बाहेर आला, एका बेकरीत कामाला लागला आणि त्याने बेकरीच्या मॅनेजरचा खून केला.

मामाने घरात याचा चकार शब्द काढला नाही. खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, अपील फेटाळलं, दयेचा अर्ज फेटाळला, आणि या सगळ्या काळात मामा आमच्याकडे येऊन नवा मिक्सर पास करत होता. मग फाशीची तारीख ठरली, आणि एका वर्तमानपत्राने जुनं उकरून काढून मामाचं वाक्य पहिल्या पानावर छापलं. शेजारी मामाचा फोटो. खुन्याचा फोटो आतल्या पानावर होता.

आईने बातमी वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली आणि पुन्हा वाचली.

"हेच वाक्य दादा दातवाल्याबद्दल बोलला होता," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. याच खुर्चीत बसून."

तिथून घराची घडी विस्कटली. आईने फ्रिजमधलं दूध ओतून दिलं. मावशीने डॉक्टर बदलला. ताईने नवऱ्याला फोन करून विचारलं की तू नक्की कुठे आहेस. तो स्वयंपाकघरात होता. आमच्या इमारतीची लिफ्टही मामाने पास केलेली, त्यामुळे सहाव्या मजल्यावरची बाई जिन्याने जायला लागली आणि प्रत्येक मजल्यावर थांबून आमच्या घराण्याचा उद्धार करू लागली.

आणि दातवाला. आधी आईला त्याचं भारी कौतुक होतं. आता तिला आठवलं की त्याच्या दुकानात फळीवर लोकांच्या दातांचे साचे ओळीने मांडून ठेवलेले असतात.

"इतक्या माणसांचे दात," आई म्हणाली, "बाकीची माणसं कुठायत?"

"आपापल्या घरी, आई."

"तू पाहिलीस?"

मामाला बोलावण्यात आलं. तो खाली मान घालून आला, जिन्याने.

"दादा, या पोरीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. मी काय समजायचं?"

"अगं, त्या माणसाने मला—"

"फसवलं? फसवलं असेल तर ठीक. मोठमोठे फसतात. पण नसेल फसवलं, तर तुला माणूस कळत नाही, आणि हे लग्न होत नाही."

"पण मला म्हणायचंय—"

"मग त्याच्याकडूनच वदवून आण. आणि फाशीच्या आधी जा. नंतर काय विचारणार?"

इथे एक सांगायला हवं. माझ्या आजोळी कुणी कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. आई आणि मामा यांना हे जन्मजात आहे. समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं यांना आधीच कळलेलं असतं, निदान यांना तसं वाटतं. बाबा तर लग्न होऊन या घराण्यात अडकले तेव्हापासून 'मला वाटतं' याच्या पुढे गेलेले नाहीत. त्यांना नेमकं काय वाटतं, हे मला आजही माहीत नाही.

मामाबरोबर मी गेले, कारण लग्न माझं होतं.

जेलच्या भेटीच्या खोलीत मधोमध जाळी होती आणि जाळीपलीकडे तो. बारीक चणीचा, मवाळ चेहऱ्याचा. त्याच्यामागे स्टुलावर वॉर्डर बसलेला. बसण्याआधी त्या माणसाने बाहीने समोरची फळी पुसली. मलासुद्धा वाटलं, पास.

"मी एकच विचारायला आलोय," मामा म्हणाला. "तू नाटक केलंस ना? मला फसवलंस. एवढं फक्त म्हण."

"साहेब," तो म्हणाला. फार सावकाश बोलायचा, ओल्या फरशीवरून चालल्यासारखा एकेक शब्द टेकवत. "मी तुम्हाला..."

"घाबरू नकोस, मी तक्रार करायला आलो नाही."

"मी तुम्हाला कधी..."

"फसवलं! ऐकलंस ना पोरी? तो म्हणाला फसवलं."

माणसाची बोटं जाळीत रुतली. वॉर्डर स्टुलावरून उठला.

"ओ साहेब, त्याला बोलू द्या जरा. त्या दोघांनी हेच केलं होतं."

"कोणत्या दोघांनी? काय केलं होतं?"

"मेलेल्यांनी. मधे बोलले होते."

वॉर्डरने समजावून सांगितलं की कोर्टात हे सगळं आलं होतं. खोलीतला जोडीदार याची वाक्यं पूर्ण करायचा. मॅनेजरही तसलाच. दोघंही वाक्याच्या मध्यावर गेले. मी मामाची खुर्ची हळूच मागे ओढली. मधे जाळी होती, पण ती कुणी पास केली होती कोण जाणे.

"त्या दिवशी," तो माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, "तुम्ही विचारलंत, दारू पितोस का. मी म्हणालो, नाही. पहाटे उठतोस का. म्हणालो, हो, भोंगा होतो. मोठ्यांना उलट बोलतोस का. म्हणालो, नाही. स्वयंपाक येतो का. म्हणालो, चारशे माणसांचा."

मी मामाकडे पाहिलं. हे प्रश्न मला पाठ होते. आमच्या बैठकीच्या खोलीत हेच प्रश्न, याच क्रमाने, दातवाल्याला विचारले होते. मामाकडे माणूस पास करण्याचा हा एकच संच होता. नवरा असो की कैदी. दातवाल्याला फक्त ऑम्लेट येतं. गुणांप्रमाणे बघायचं तर जाळीपलीकडचा पुढे होता.

"मग तुम्ही विचारलंत, काही सांगायचंय का. मी म्हणालो, साहेब, मला सोडू नका, कारण..."

तो थांबला. मामाचा चेहरा उतरला. त्याला आठवलं होतं.

"कारण तुला माणसांत जायला संकोच वाटतो," मामा पुटपुटला.

"ते तुम्ही म्हणालात, साहेब. मी नाही. मग समितीतले सगळे हसले आणि तुम्ही उठून माझ्या पाठीवर थाप मारायला आलात."

"म्हणजे तेव्हा तुला माझाही...?"

"टेबल मोठं होतं, साहेब. तुम्ही अर्ध्यातनं परत गेलात."

मामाने कपाळ पुसलं.

"आता पूर्ण करू?" माणसाने विचारलं.

मामाने हाताने स्वतःचं तोंड झाकलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. दुसरा हातही त्याने त्यावर ठेवला, राखीव म्हणून.

"मला सोडू नका, कारण आत घंटा झाली की बोलायचं, घंटा झाली की गप्प. एकाचं झालं की दुसरा. मला इथे जमतं. बाहेर सगळेच मधे बोलतात. मला बाहेर सोडलंत तर कुणीतरी मरेल."

याला फार वेळ लागला. दोनदा मामाचे खांदे उडाले, पण हात हलले नाहीत. वाक्य संपल्यावर माणसाने जाळीतून बोटं काढून घेतली.

"मॅनेजरची बायको कोर्टात आली होती," तो म्हणाला. "मला म्हणाली, बोल, का मारलंस त्याला. आणि थांबली. संध्याकाळपर्यंत थांबली असती. कुणी मधे बोलत नव्हतं." त्याने पुन्हा फळी पुसली, स्वच्छच होती ती. "मला एक शब्द सुचला नाही."

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "वदवलंस?"

"त्याने फसवलं नाही," मामा म्हणाला. "तो खरं सांगत होता, मी सांगू दिलं नाही."

आई चक्क थांबली. "आणि दातवाला?"

"माहीत नाही. त्यालाही मी कुठे बोलू दिलं होतं?"

तेवढ्यात मलाही एक गोष्ट सुचली. दातवाला बोलतो तेव्हा समोरच्याच्या तोंडात साच्याचा लगदा भरलेला असतो. त्याच्या धंद्यात त्याला मधे कुणी बोलतच नाही. बोललं तर तो काय करेल, हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. मी तर त्याच्याकडे बघण्यातच गुंग असायचे.

"रविवारी जेवायला बोलव त्याला," आई म्हणाली. "बघू."

रविवारच्या आधी फाशी झाली. मामाने वॉर्डरला फोन करून विचारलं, शेवटी काही बोलला का. हो म्हणे, आज चहात साखर जरा जास्त झाली होती, असं म्हणाला. जेलर, डॉक्टर, फाशी देणारा, सगळे वाक्य संपेपर्यंत उभे होते. मामाने फोन ठेवला आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

रविवारी दातवाला आला. टेबलावर सूप, बटाटे, आणि त्याच्या ताटाशेजारी पाव कापायची लांब सुरी. ती आईने मुद्दाम तिथे ठेवली होती. परीक्षा म्हणजे परीक्षा.

"मी काय म्हणत होतो," दातवाला म्हणाला, "की लग्न जरा..."

"पुढे ढकलायचं?" आई.

"नाही, लग्न जरा..."

"साधेपणाने करायचं!" मावशी म्हणाली. कवळी त्याचीच, आणि चालवली त्याच्याविरुद्धच.

त्याने सुरी उचलली. त्याने पाव कापला, मावशीला दिला, सुरी खाली ठेवली.

"मी काय म्हणत होतो, की लग्न जरा लवकर..."

"हॉल मिळणार नाही," आई.

"सूप गार होतंय," मावशी.

तो पुन्हा पहिल्यापासून. "मी काय म्हणत होतो, की लग्न जरा लवकर उरकू या, कारण..."

मामाचं तोंड उघडलं. उरलेलं वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ते पाहून आई गप्प झाली. मग मावशी. सगळं टेबल दातवाल्याकडे बघत राहिलं.

दातवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग छताकडे. मग बटाट्यांकडे.

"कारण..." तो म्हणाला. "काय बरं... आत्ता डोक्यात होतं." तो लाजून हसला. "राहू दे. आठवलं की सांगतो."

आईने सुस्कारा सोडला. "हा खुनाला निघाला तरी कुणाच्या ते वाटेत विसरेल," ती मावशीला म्हणाली. "हॉलचं बघा. आहे तीच तारीख."

मामा 'पास' म्हणेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला नाही. त्याचं लक्ष टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे बाबा चमचा खाली ठेवत होते.

"मला वाटतं," बाबा म्हणाले, "की इतकी वर्षं..."

"तुम्ही जेवा हो," आई म्हणाली.

मामाने हात लांब केला आणि सुरी बाबांपासून दूर सरकवली.