वहीच्या कोपऱ्यातला पाय

अठ्ठ्याहत्तर साली पोर्ट लुईच्या चित्रवर्गात विद्यावती एक गंमत शिकली. वहीच्या कोपऱ्यात पानागणिक थोडं बदलत चित्र काढायचं, पानं भराभर सोडली की ते चालू लागतं. तिने बाची चाल काढली, आणि तिथेच घात झाला.

लालमती गावातल्या त्यांच्या घरी चहाला आलेल्या सिरदाराने ती वही उचलून पानं भराभर सोडली. उसाच्या मळ्यावर कामाला कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे त्याच्याच हातात. कोपऱ्यातला माणूस डावा पाय ओढत चालला.

"आयो, हा तर जयदेव! लंगडतोस की काय?"

मळ्यावर बा ते दुखणं लपवायचा, घरात मात्र पाय सैल सोडायचा. विद्यावती चटकन पुढे झाली.

"चुकला पाय," ती कशीबशी म्हणाली. "अजून शिकतेय."

"मग चालून दाखव, जयदेव."

बा उठला. दारापर्यंत ताठ गेला, ताठ परतला. टाच टेकताना त्याचा जबडा आवळला, तो फक्त तिला दिसला.

"पाय नीट काढायला शीक, पोरी," म्हणत सिरदार हसत गेला.

बा भिंत धरून खाली बसला. ती रडत पानं फाडू लागली, तेव्हा त्याने वही हिसकावली आणि पानं सोडून पुन्हा पुन्हा पाहिली.

"फाडू नको. पाय अगदी बरोबर आलाय."