कपाटातलं माप

प्रेमाबाईंनी स्वेटरच्या बाहीला दोरा लावला आणि वाढ बोटांनी मोजली. कोपर चांगलंच ताणलं होतं. मनगटाची किनार कुणीतरी चावून चावून कडक केली होती आणि खिशात चिमूटभर रेती होती. "द्वाड कुठला," असं पुटपुटत त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. नव्या स्वेटरची बाही दोन बोटं वाढवावी लागणार होती.

हा स्वेटर त्यांनी गेल्या नाताळात विणून संपवला होता. तेव्हापासून तो बोरिवलीच्या त्यांच्या खोलीत, कपाटात, कुलपात होता. किल्ली त्यांच्या कमरेला आणि घरात दुसरं माणूस नाही.

त्यांच्या लेकीने, मानसीने, गोराईच्या सावियोशी लग्न केलं तेव्हा बाईंनी वर्षभर अबोला धरला होता. मग तिला दिवस गेले आणि बाई विरघळल्या. शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेली, हात कसले गप्प बसतात! बाळंतपण डिसेंबरातलं, म्हणजे नाताळची भेट म्हणून देता येईल, असा विचार करून त्यांनी जूनपासूनच पिवळ्या लोकरीचा इवलासा स्वेटर विणायला घेतला. कुणाला सांगितलं मात्र नाही. जन्माआधी बाळाचं नवं काही करू नये, अंगात पहिला कपडा घालायचा तो दुसऱ्या पोराने वापरलेला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण तेव्हा अक्कल गहाण पडली होती. मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. स्वेटर पिशवीतच, कपाटात कुलपाआड राहिला.

पुढच्या जूनमध्ये तो उसवायला म्हणून काढला, तर गळ्यावर दुधाचे आंबूस डाग आणि एक बटण लोंबतंय. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी वर्षाच्या पोराच्या मापाचे टाके घातले. तेव्हापासून दर जूनला हेच चाललं होतं. मुंबईत स्वेटर घालायचे दिवस ते किती, पण हा पठ्ठ्या वर्षभर घालत असावा. भीती वाटायची, खोटं कशाला बोला? कपाट उघडताना अंगावर काटा यायचा. पण माप घेतल्याशिवाय राहवायचंही नाही.

तेवढ्यात बेल वाजली. मानसी आली होती. टेकल्या टेकल्या तिने सांगितलं की चौथा महिना लागलाय, यंदाही तारीख डिसेंबरातलीच आहे. गेल्या खेपेला पाळण्यापासून सगळं आधीच आणून ठेवलं होतं. या वेळी घरात नवी चिंधीसुद्धा आणायची नाही, असं तिने आणि सासूने ठरवलं होतं.

"तूही काही विणू नकोस हं, आई. कुणाचं तरी वापरलेलं बघून ठेव. चांगल्या धडधाकट पोराचं."

बाईंनी मान डोलावली, पण कपाट उघडंच राहिलं होतं. मानसीने खालच्या फळीवरचा तो पिवळा स्वेटर उचलला आणि तळहातावर पसरला. तिने तो आधी कधी पाहिलाच नव्हता.

"हे कुणाचं गं?"

बाईंनी स्वेटर परत घ्यायला हात पुढे केला. गेलेल्या पोराचा कपडा पोटातल्या बाळाला द्यायचा? एकदा या हातांनी घात केला तो पुरे नाही झाला? शेजारी शांताबाईंच्या नातवाचं झबलं मागितलं असतं तर त्यांनी हसत दिलं असतं. पण 'हे नको' म्हणायचं म्हणजे आपल्याच तोंडाने त्याला मेलेला म्हणायचं. ते काही त्यांच्याने होईना.

"ओळखीतल्या मुलाचं आहे. या नाताळात पाच वर्षांचा होईल."

"तब्येतीने बरा आहे ना?"

"दर वर्षी दोन बोटं वाढतो. खोडकर आहे."

"मग हेच दे," म्हणत मानसीने तो पर्समध्ये ठेवला.

पुढचे सहा महिने बाईंचा जीव टांगणीला लागला होता. डिसेंबरात मुलगी झाली. नवव्या दिवशी त्यांनी सकाळपासून फोन हातातून खाली ठेवला नाही. दुपारी मानसीचा फोन आला. नात मजेत होती, फक्त पिवळा स्वेटर काढला की रडून घर डोक्यावर घेत होती. बाईंनी पाच वर्षांच्या मापाचा स्वेटर पुरा केला आणि दरवर्षीसारखा कुलपात ठेवला.

जूनमध्ये कपाट उघडलं, तर स्वेटर घडीही न मोडलेला, ठेवला तसाच. खिसा रिकामा, वास नुसता नव्या लोकरीचा. दोरा लावून पाहिला, केसाचाही फरक नव्हता. बाई फरशीवर बसल्या आणि पोर गेलं त्या दिवशीही रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या.

संध्याकाळी मानसीने फोनवर सहज सांगितलं, की मुलगी पांघरूण लाथाडते, पण सकाळी बघावं तर कुणीतरी ते गळ्यापर्यंत नीट ओढून ठेवलेलं असतं. सावियोला वाटतं मानसी ओढते, मानसीला वाटतं सावियो ओढतो.

पोर आपल्या आईच्या घरी पोचलं होतं. पोचायलाच हवं होतं. तरी बाईंना लेकीचा हेवा वाटला, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं.

मग त्यांनी सुया घेतल्या. या वेळी हाताशी माप नव्हतं, म्हणून अंदाजाने टाके घातले, चार जास्तच. नाताळला दोन स्वेटर, नातीचा छोटा आणि हा मोठा, घेऊन गोराईला जायचं होतं, आणि मोठा कुणाचा, ते मानसीला सांगायचं होतं.