पैंजणींचा वाण

"तोंडाकडे बघून भुलू नकोस. आधी पाय बघ."

सतरा वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज सूनबाईच्या कानात अजून तसाच ताजा होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. परसात, खुराड्याच्या दाराशी, सासूबाई एक कोंबडा काखेत धरून उभ्या होत्या आणि नव्या सुनेला पाय तपासायला शिकवत होत्या.

"माझ्या लेकाच्या बाबतीत तू तोंडावरच गेलीस. ते झालं ते झालं. इथे तसं चालायचं नाही."

आतल्या खोलीत वायरची गुंडाळी करत बसलेला लेक म्हणाला, "आई, मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

त्या कोंबड्यांना घरात पैंजणी म्हणत. खरं नाव काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंना त्या त्यांच्या आईकडून मिळाल्या होत्या, आईला तिच्या मावशीकडून. अंगानं भरलेल्या, राखी रंगाच्या, मानेवर तांब्याची झाक. आणि गुडघ्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मऊ पिसं. चालू लागल्या की जणू पैंजण घालून निघाल्या आहेत, फक्त आवाज तेवढा नाही. अंडी कमी देत, पण दिलेलं अंडं सोडून उठत नसत. इतर कोंबड्या दोन दिवसांत कंटाळतात. पैंजणी एकवीस दिवस पोटाखालची ऊब हलू देत नसे.

गोम मात्र त्या पिसांतच होती. पायातला दोष पिसांखाली झाकून राहायचा. म्हणून पिलं पाच महिन्यांची झाली की सासूबाई एकेकाला मांडीवर घेत, पायाची पिसं बाजूला सारत आणि बोट न् बोट चाचपत. सरळ बोटांच्या कोंबड्याला डाव्या पायात लाल चिंधी: हा ठेवायचा, याचा वंश चालवायचा. बोट वाकडं, छाती बारीक, स्वभाव मारका, तर पांढरी चिंधी. पांढरीवाले रविवारी जायचे.

जायचे ते कसेही नाही. भिंतीवर तळ कापलेला एक प्लास्टिकचा कॅन उलटा ठोकलेला होता. त्यात पक्षी डोकं खाली करून ठेवला की तो शांत व्हायचा. त्याआधी सासूबाई त्याला काखेत घेत, डोळ्यांवर तळहात धरत, आणि दळताना बाया गुणगुणतात तशा चालीवर त्याचं त्यालाच सांगत:

"उजेडाच्या आधी तू जागलास, झोपाळू घर उठवलंस. कुंपणाशी मांजर आलं, ओरडून तू सांगितलंस. किडे तू वेचलेस, वाफे तू उकरलेस, चार पोरींना तू मिरवलंस. आमचं पोट तुझं ऋणी. जा बाबा, सुखानं जा."

मग एकच घाव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सूनबाई रडली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माणसांना सुया टोचायला शिकून आलीस आणि कोंबडं बघून रडतेस! कमाल आहे नर्सबाई तुझी."

तेव्हापासून नर्सबाई हेच नाव पडलं. आणि नर्सबाई होता आलं तेही सासूबाईंमुळेच. लग्नानंतर राहिलेलं प्रशिक्षण पूर्ण करायचं ठरलं तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. सासूबाई तेव्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोनशे जणांचं जेवण करत. त्यांनी पोरीला टोपलीत घालून तिथे नेलं, पिठाच्या पोत्यांशेजारी ठेवलं, आणि दीड वर्ष तशीच वाढवली. याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं, असं सूनबाईला कधी कधी वाटे. न ऐकवलेल्या उपकाराची परतफेड कुठून सुरू करायची तेच कळत नाही.

आणि तिनं परतफेड केली होती ती अशी.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ड्यूटीवरून सकाळी परत आली तर खुराड्यात एक अंडं अर्धवट फुटलेलं. आतलं पिल्लू आदल्या दुपारपासून चोच मारत होतं आणि आता थकून गप्प झालं होतं. सासूबाईंचा नियम ठाम होता: कवचातून ज्याचं त्यानं बाहेर यायचं, आपण हात लावायचा नाही. सूनबाईनं हात लावला. कोमट पाण्यात कापूस भिजवला, चिमट्यानं कवचाचा एकेक कपचा उचलला. तासाभरानं तळहातावर एक ओला, कुरूप, जिवंत जीव पडला.

त्याचं पुढे राजबिंडं कोंबडं झालं. मान अशी की उन्हात पेटल्यासारखी दिसावी. सूनबाई फाटकातून आत आली की पळत यायचं, पिशवीत तोंड घालायचं. नवरा म्हणे, "मी कधी असा पळत आलो नाही, म्हणून टोमणा आहे हा मला."

पाचव्या महिन्यात सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. डाव्या पायाचं बाहेरचं बोट आतल्या बाजूला वळलेलं लागलं. पांढरी चिंधी. त्याच्या भावाला लाल.

रविवारी सकाळी, सासूबाई सुरी घासत असताना, सूनबाई खुराड्यात शिरली आणि दोन्ही चिंध्या सोडून अदलाबदल करून बांधल्या. दोघे भाऊ दिसायला सारखेच. त्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. थोडं धुरकट दिसतं, एवढंच त्या म्हणत. एकदा तपासलेला पाय पुन्हा तपासायची त्यांची पद्धत नव्हती. पुढचं सगळं चिंधीवर चाले. त्यांनी पांढरीवाला उचलला. सरळ पायांचा, निरोगी, वंश चालवायला निवडलेला कोंबडा त्या रविवारी ताटात आला. नवऱ्यानं दोनदा मागून घेतलं. सूनबाईनंही खाल्लं.

वाकड्या बोटाचा दोन वर्षं खुराड्याचा राजा होता. मग एका थंडीत आजारानं गेला. त्यानंतर सासूबाईंचं ऑपरेशन झालं. नव्या डोळ्यांनी त्यांनी खुराडं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, केवढी जाळी धरलीय कोपऱ्यात! सांगायचं नाही का?" लेकाकडून खुराडं नवं करून घेतलं. जमिनीपासून दोन फूट उंच, तोंड उन्हाकडे, बसायला गोल दांडा, खाली सरकता पत्रा, भुसा दर आठवड्याला ताजा, अंडी घालायच्या कोनाड्यांना पडदे. "आमच्या खोलीला सुद्धा इतकी हवा येत नाही," लेक म्हणाला. "तुम्ही अंडी घालायला लागा, मग बघू," सासूबाई म्हणाल्या.

आणि या वर्षी एकोणीस पिलं निघाली. पाचव्या महिन्यात सासूबाई चष्मा लावून, पिसं बाजूला सारत, एकेक पाय बघत गेल्या. एक वाकडं. दोन. तीन. सात पिलांची बोटं वळलेली निघाली. आजोबाचा दोष मुलांत लपला होता तो नातवंडांत वर आला होता.

शेवटचं पिल्लू सासूबाईंच्या मांडीवरच होतं.

"माझाच हात चुकला," त्या म्हणाल्या. "दिसत नव्हतं तेव्हा कुठलं तरी भलतंच कोंबडं निवडलं मी. आईनं भरवशानं दिलेला वाण. कुठे कुठे चुकले असेन, आता काय सांगता येतं!"

त्या दिवसापासून त्यांचा हातावरचा विश्वास उडाला. दोनशे जणांच्या आमटीत चव न बघता मीठ घालणारी बाई चौघांच्या भाजीची वाटी हातात घेऊन सुनेकडे येऊ लागली. "जरा चाखून बघ गं. बरोबर आहे ना?" शिवायची सुई बाजूला पडली. नातीची वेणी घालताना त्या मध्येच थांबत आणि म्हणत, "आईकडूनच घाल बाई, माझी वाकडी येईल."

सूनबाईला ते बघवत नव्हतं. दर वेळी तोंड उघडायची आणि दुसरंच काही बोलायची. दळण आणायचंय. नळ गळतोय. ज्यांनी पोर वाढवून दिली त्यांचा वाण आपण बुडवला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग एका संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "रविवारी सगळं आवरून टाकू. थोरल्या, धाकट्या, पिलं, सगळ्या. कुठली चांगली आणि कुठली खोटी, हे आता मला कळत नाही. खोटा वाण पुढे देण्यापेक्षा संपलेला बरा. खुराड्याची लाकडं तू घेऊन जा रे कामाला."

सूनबाई उठून भांडी गोळा करू लागली.

रविवार आला. बादलीत गरम पाणी, टेबलावर जुन्या चादरीचं फडकं, भिंतीवर कॅन. सासूबाईंनी सगळ्यात आधी थोरलीला उचललं. सात वर्षांची कोंबडी, आता अंडीही देत नसे. दिवसभर ऊन खात बसायची. सूनबाई समोर उभी होती, पाय धरायला.

सासूबाईंनी थोरलीच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"एकसष्ट पिलं तू काढलीस, बदकाची दोन वाढवलीस. पावसात पंखाखाली घर केलंस, स्वतः भिजत राहिलीस. माझी नात आजारी होती, रोज एक अंडं दिलंस…" आणि मग एरवी कधी न येणारे शब्द आले. "माझ्या हातानं घात केला गं. तुझा काही दोष नाही. म्हातारीला माफ कर."

"थांबा," सूनबाई म्हणाली. "आई, थांबा. तुमचा हात चुकला नव्हता."

"उगाच समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. तुम्ही बरोबर निवडला होता. चिंध्या मी बदलल्या. चार वर्षांपूर्वी, रविवारी, तुम्ही सुरी घासत होतात तेव्हा. ज्याला मी कवचातून काढलं होतं त्याची पांढरी सोडून त्याला लाल बांधली. चांगला होता तो आपण खाल्ला. हे सगळे वाकडे पाय माझ्या त्या कोंबड्याकडून आलेत. माझ्यामुळे."

थोरलीनं तळहाताखालून डोकं काढलं आणि इकडे तिकडे पाहिलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा तापाची साथ होती. वॉर्डात रोज कुणी ना कुणी जात होतं. त्या महिन्यात माझ्या हातून वाचलेलं तेवढं एकच होतं, आई. त्याला जाऊ द्यायला मन धजलं नाही."

"आणि चार वर्षं गप्प?"

"हो."

"मीठ चाखायला लावत होते तुला, तेव्हाही?"

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "अगं, मूर्ख मुली! मी सगळ्या मारायला निघाले होते! या चार थोरल्या त्याच्या आधीच्या. यांच्यात त्याचा थेंब नाही. आणि तुझ्या नणंदेकडे मी सहा वर्षांपूर्वी सात अंडी पाठवली होती, तिथला कोंबडा स्वच्छ. वाण कुठे बुडालाय? वाण शाबूत आहे!" त्यांनी थोरलीला खाली सोडलं. ती पैंजण झटकत उन्हात जाऊन बसली. सासूबाईंनी घरात बसलेल्या लेकाला हाक मारली. "ए, ऊठ रे, बहिणीला फोन लाव. कोंबडा मागायचाय म्हणावं, उसना. अन् लाकडांना हात लावलास तर बघ."

मग त्या कामाला लागल्या. त्याच्या वंशातल्या माद्या अंड्यांपुरत्या ठेवायच्या, त्यांची अंडी उबवायची नाहीत. नर तेवढे जायला हवेत. त्यातले मोठे दोन आजच, बाकीचे पुढच्या रविवारी.

"हे दोन तू करायचेस," सासूबाई म्हणाल्या. सुरी त्यांनी मुठीकडून पुढे केली.

सूनबाईनं पहिल्याला काखेत घेतलं. तिनं सांगितलं त्याला, त्यानं काय काय केलं ते. चुकतमाकत, चाल न जुळवता. दुसऱ्याच्या वेळी शब्द जरा सोपे झाले.

नंतर दोघी बादलीशी समोरासमोर बसून पिसं उपटत होत्या. आत लेक फोनवर बहिणीशी हसत होता. सासूबाईंची बोटं भराभर चालत होती, न बघता, पूर्वीसारखी.

"एक माझंही आहे," त्या पिसांकडे बघतच म्हणाल्या. "धुरकट दिसतं, एवढंच सांगितलं मी तेव्हा. खोटं होतं ते. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, डाव्यानं नुसता उजेड आणि रंग. घाबरले होते. घरात कुणावर ओझं नको म्हणून लपवलं. तू घरी आलीस की बडबड करायचीस. चप्पल इथे काढली, पाणी तिथे ठेवलं, स्टूल मध्ये आहे, दूध उतू जातंय. मी तुला म्हणायचे, किती बोलतेस गं. त्या बोलण्याच्या आधारानं मी ऑपरेशन होईपर्यंत घरात चालले. एकदाही ठेचकाळले नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. तू होतीस म्हणून निभावलं, नर्सबाई."