बिनकमिशनचे तीस चेक

जगातली झाडून सगळी साम्राज्यं कमिशनपायी बुडाली, असं क्लिफर्ड एंटविसलचं मत होतं. रोमनांचं तेच झालं, स्पॅनिशांचं तेच झालं, आणि आपल्या इंग्रजांचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं. बोलिंग क्लबात उभा राहून तो हे सांगत होता तेव्हा त्याच्या उजव्या पायात नुसता मोजा होता. परदेशात वटवायचे स्वस्त ट्रॅव्हलर्स चेक शोधत तीन शनिवार बँका पालथ्या घातल्या, त्यात बुटाचा तळ गेला, आणि बूट चांभाराकडे पडला होता.

चौथ्या शनिवारी, दोन बस बदलून, जवळच्या गावातल्या एका बचत सोसायटीत त्याला हवं ते सापडलं. एका पेनीचंही कमिशन न घेता चेक. क्लिफर्डच्या शेजारी राहणाऱ्या वॉल्टर हारग्रीव्हजने मात्र कोपऱ्यावरच्या बँकेत मुकाट्याने कमिशन भरून स्पॅनिश नोटा घेतल्या होत्या.

"वॉल्टर, तुझ्यासारख्यांच्या जिवावर बँकांना संगमरवरी खांब परवडतात," क्लिफर्ड म्हणाला.

"परवडू देत की. मला खांब नकोत, समुद्र हवाय."

जुलैत गावातल्या गिरण्या एकदम बंद होतात आणि सगळं गाव एकाच आठवड्यात सुट्टीवर जातं. एंटविसल जोडप्याच्या लग्नाला त्या वर्षी पंचवीस वर्षं होत होती. मधुचंद्राला ते इंग्लंडातल्याच ब्लॅकपूलच्या समुद्रावर गेले होते; सातही दिवस पाऊस होता, आणि घरमालकीण सकाळी दहाला पाहुण्यांना बाहेर काढून दाराला कडी घालायची. तेव्हा एका दुकानाच्या छपराखाली उभं राहून त्याची बायको मेविस म्हणाली होती की, मरायच्या आत एकदा मला गरम समुद्र दाखव. आता स्पेनच्या सहलीसाठी जमलेल्या तीनशे पौंडांतले निम्म्याहून जास्त तिनेच शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलून साठवले होते.

क्लिफर्डने चेक घेतले ते दहा-दहा पौंडांचे, एकूण तीस. मोठा चेक मोडला की पैसा पाझरतो, हा त्याचा आणखी एक सिद्धान्त. सोसायटीतल्या मुलीने सांगितलं की वरच्या ओळीवर आत्ता सही करा, आणि खालच्या ओळीवर नंतर. 'नंतर'च्या पुढेही ती काहीतरी बोलली, पण क्लिफर्ड तेव्हा तिची बेरीज तपासत होता.

गिरणीत तो कापड तपासायचा. प्रत्येक ताग्याच्या कार्डावर त्याच्या दोन सह्या लागत, एक तपासण्याआधी आणि एक तपासल्यावर. क्लिफर्ड सोमवारी सकाळीच आठवडाभराच्या कार्डांवर दोन्ही सह्या ठोकून मोकळा व्हायचा. तेवीस वर्षांत यात एकदाही चूक झाली नाही. म्हणजे सापडली नाही. त्याच सवयीने रविवारी जेवण झाल्यावर तो टेबलाशी बसला आणि तीसही चेकांवर खालची सही करून टाकली. मेविसने विचारलं होतं, हे असंच करायचं असतं ना? तो म्हणाला, तिकडे उन्हात हाताला घाम येतो, सही फिसकटते.

स्पेनमध्ये पोचल्यावर पहिले दोन दिवस खिशातल्या सुट्ट्या पैशांवर निघाले. सोमवारी सकाळी ते बँकेत गेले. मेविसने नवी हॅट घातली होती, कारण तिथून थेट धक्क्यावर जाऊन समोरच्या बेटावर जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढायची होती. तिथेच सुट्टीला आलेला वॉल्टर नुसताच बरोबर होता. बँकेत गारवा असतो म्हणून.

खिडकीतल्या कारकुनाने पहिला चेक उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, ही खालची सही माझ्यासमोर करायची असते."

"केलीय की."

"माझ्यासमोर नाही केलीत."

"मग आता आहे ना तुमच्यासमोर."

कारकुनाने उरलेले एकोणतीस पाहिले. मग तो शांतपणे म्हणाला की दोन्ही सह्या झालेला चेक कुणीही चोरून आणू शकतो, त्यामुळे बँक हे घेऊ शकत नाही. यातला एकही.

क्लिफर्डने नुसतं तोंड उघडलं. आयुष्यात त्याला बरेच धक्के बसले होते, पण त्या सगळ्यांत चूक दुसऱ्याची होती. त्याने मेविसकडे पाहिलं. तिने हॅट काढली आणि हातात धरली.

"क्लिफ, लागले तर मी देतो," मागून वॉल्टर म्हणाला. "कमिशन नाही घेणार."

शेवटी मॅनेजर बाहेर आला. त्याने पासपोर्ट पाहिला, हॅट पाहिली, आणि तोडगा सांगितला. साहेबांनी प्रत्येक चेकच्या पाठीवर माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा सही करावी. पुढच्या बाजूच्या सहीशी जुळली तर पैसे; सगळे आजच, कारण असले चेक घेऊन गावभर फिरणं बरं नव्हे. नाही जुळली, तर पोलिसांना कळवावं लागेल.

क्लिफर्डने पेन घेतलं. मॅनेजर आणि कारकून दोघंही त्याच्या बोटांकडे पाहत होते. कागदावर जे उमटलं त्यात एंटविसल नव्हता. कुणीतरी बुडताना हात वर केल्यासारखं काहीतरी होतं. मॅनेजरने मान हलवली आणि फोनकडे पाहिलं.

तेव्हा मेविस पुढे झाली. पंचवीस वर्षांत तिने त्याच्या कामात तोंड घातलं नव्हतं.

"हे चेक नाहीत, क्लिफर्ड. ही कार्डं आहेत. सोमवार आहे, चहाची सुट्टी झालीय, आणि तुझा कप थंड होतोय. कर सह्या."

क्लिफर्डच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. मान खाली गेली आणि हात सुटला. एकोणतीस चेक त्याने न बघता सपासप उडवले, आणि बिघडलेल्या पहिल्यावर शेजारी पुन्हा एक सही ठोकली. साऱ्या सह्या छापल्यासारख्या एकसारख्या. मॅनेजरने भिंगातून तपासल्या आणि खूश होऊन म्हणाला की असा हात त्याने पाहिला नव्हता.

कारकून नोटा मोजू लागला. मोजता मोजता त्याने त्यातल्या काही बाजूला काढल्या आणि गल्ल्यात टाकल्या.

"त्या कसल्या?" क्लिफर्डने विचारलं.

"वटवणावळ, साहेब. चेकमागे दोनशे पेसेटा."

"म्हणजे जवळजवळ एक पौंड," वॉल्टर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"दर चेकमागे?"

"दर चेकमागे. तुम्ही पन्नासाचे का नाही घेतले? सहाच झाले असते."

मेविसने उरलेल्या नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि हॅट घातली. बोट दोनला सुटते, ती म्हणाली, आणि दाराकडे निघालीसुद्धा. क्लिफर्ड खिडकीचा कठडा धरून उभा होता. कारकुनाने अदबीने विचारलं की साहेबांना आणखी काही हवंय का.

"थोडं पाणी मिळेल?" क्लिफर्ड म्हणाला. "नळाचं चालेल."