एवढं म्हणजे केवढं?

मित्रांनो, मी एक जुना व्हॉइस रेकॉर्डर आहे. बोटभर लांबीचा, पण कान हत्तीचे! खोटं वाटेल तुम्हाला, पण नोएडातल्या खिडकीत बसून मला पानिपतच्या काला अंब स्मारकाजवळचा कावळा खोकलेला ऐकू येतो. त्याला सर्दी कधी झाली, तेसुद्धा सांगतो.

मला काशीनाथआजोबांनी विकत घेतलं. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर त्यांचं ऑफिस. त्यांच्या खिशात बसून मी इतक्या मीटिंगा ऐकल्या, की साहेबांनी तोंड उघडायच्या आत मला त्यांचं भाषण पाठ असायचं. "हा माझा तिसरा कान," असं आजोबा सगळ्यांना सांगायचे आणि मी फुगायचो. मग आजोबा रिटायर झाले, पुढे वारले, आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. सोबतीला चार रबरबँड आणि बंद पडलेलं घड्याळ. ते बिचारं कधीही विचारा, एकच वेळ सांगायचं. माझ्या पोटातले सेल पाझरले. कुणी बघितलं नाही.

मला बाहेर काढलं लुंबिनीने, आजोबांच्या नातीने. तिने मसाल्याचा धंदा सुरू केला होता. पहिला माल म्हणजे तिच्या कौसल्याआजीचा काळा मसाला, आणि पाकिटावर नावही आजीचंच. एका दुकानाने मोठी ऑर्डर दिली, शनिवारी गिरणीत मसाला दळायचा ठरला. चव बिघडली असती तर आजीच्याच नावाला बट्टा लागला असता. आणि कृती कुठे? आजीच्या डोक्यात!

"एकदाच सांगीन," आजी म्हणाली. "आणि त्या फोनला नाही सांगायची. मध्येच केकाटतो मेला. यांच्या यंत्राला सांगीन."

यांचं यंत्र म्हणजे मी! मला घासूनपुसून नवे सेल घातले. आजी कढईपाशी बसून दुपारभर बोलली. खोबऱ्याची चुरचुर, बांगड्यांची किणकिण, लुंबिनीला बसलेली बोलणी, सगळं मी टिपलं.

आता ते ऐकून कागदावर कोण उतरवणार? लुंबिनी दिल्लीत वाढलेली. मराठी फडाफडा बोलते, पण लिहायला बसली की घाम फुटतो. हे काम करून देणाऱ्या सर्व्हिस असतात, ट्रान्सक्रिप्शन म्हणतात त्याला.

"पण त्यातली चांगली कुठली, कसं कळणार यार?" तिचा धाकटा भाऊ धम्मदीप म्हणाला.

लुंबिनीने युक्ती केली. आजीच्या बोलण्यातला एकच छोटा तुकडा तिघांना पाठवला. पहिली सर्व्हिस कंप्युटरची. पापणी लवायच्या आत कागद हजर. दुसरी नोएडातलीच, चकचकीत ऑफिसवाली. तिसरी सुखदाची. तिने आधी फोन केला. "किती जण बोलतायत? मागे मिक्सर आहे का? आणि हो, ही कृती आमच्याकडून बाहेर जाणार नाही. काम झालं की फाइल पुसून टाकू, तसं लिहून देते." मला ती तेव्हाच आवडली.

तिन्ही कागद आले. पहिल्यात होतं, 'दगडफूल दोन चमचे.' दुसऱ्यात, 'दगडफूल आवश्यकतेनुसार घालावे.' आणि सुखदाच्या कागदावर होतं, 'दगडफूल घ्यायचं एवढं. (इथे आजींनी हाताने दाखवलं असावं. आवाजावरून कळत नाही. कृपया त्यांनाच विचारा.)'

"ताई, हिने तर काम अर्धवटच सोडलंय!" धम्मदीप हसला. "पहिल्याला दे ना. बिल्कुल क्लिअर, दोन चमचे."

लुंबिनीने मानही डोलावली. मित्रांनो, माझा जीव खालीवर! दोन चमचे असं आजी म्हणालीच नव्हती. पण मी तर आपणहून बोलू शकत नाही. कुणीतरी बटण दाबावं लागतं.

"थांब, एकदा ऐकू या," लुंबिनी म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

मी खणखणीत आवाजात ऐकवलं, "दगडफूल घ्यायचं... एवढं." मग बांगड्या वाजल्या. मग नुसती कढई.

"चमचा कुठे म्हणाली?" लुंबिनीने पुन्हा ऐकलं. "अरे, यात चमचा नाहीच आहे!"

दोघं भीतभीत आजीकडे गेली. "आजी, रागावू नकोस. एवढं म्हणजे केवढं?"

"हे काय, एवढं!" आजीने ओंजळ पुढे केली.

"आम्हाला वाटलं, दोन चमचे."

"दोन चमचे? अगं, मसाला करतेस की दृष्ट काढतेस?"

ती ओंजळ लुंबिनीने वजनकाट्यावर मोजून घेतली, आणि अख्खं रेकॉर्डिंग सुखदाकडे दिलं. सुखदाने अशा बऱ्याच जागा मोकळ्या ठेवल्या. प्रत्येक जागेसाठी आजीला हाताने माप दाखवावं लागलं. एकदाच सांगीन म्हणणारी आजी शुक्रवारपर्यंत रोज सांगत होती, आणि खूशही होती!

शनिवारी मसाला गिरणीतून दळून घरी आला. वासाने दिल्लीतल्या सगळ्या मेट्रो आपापली स्टेशनं सोडून आमच्या दारात थांबल्या, हे मी स्वतः ऐकलं. आजीने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "माझाच आहे."

म्हणून सांगतो, मित्रांनो. घरातल्या माणसाचं बोलणं कुणाच्या हाती द्यायचं झालं, तर जो न ऐकलेलं मनाने भरत नाही, त्याच्या हाती द्या. आणि माझ्यासारख्याला ड्रॉवरमध्ये ठेवताना निदान सेल काढत जा.

मी आता मसाल्याच्या डब्याशेजारी असतो. परवा घरात कुणी नसताना आजीने मला उचललं आणि हळूच म्हणाली, "ऐकलंत का? तुमच्या तिसऱ्या कानाने माझं नाव राखलं बरं."

बटण दाबलेलं नव्हतं. तरी तेवढं मी ठेवून घेतलंय.