खाडीची माती, गोडलिंबाची कुंडी

मी खाडीतली माती बोलतेय. तिवरांच्या मुळाशी जन्मले आणि आता यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावात, गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, कुंडीत बसलेय. हसू नका, आधीच माझं डोकं फिरलंय.

कोकणात भरतीच्या पाण्यानं मला थराथरानं घडवलं. खेकडे माझ्यात बिळं करून राहायचे. मग एका जहाजाचं तेल सांडलं आणि माझ्या अंगात मुरलं. तिवरं उभ्या उभ्या वाळली. साहेब आले, वरचा तवंग टिपला, फोटो काढले आणि 'माती पूर्ववत' असं लिहून गेले. पूर्ववत म्हणे! हातभर खणायचे कष्ट कुणाला हवेत?

सुरभीनं घेतले. ती राळेगावची, पण कोकणात कॉलेजात शिकणारी. तिनं मला बरणीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली. पुढं त्या जागेवर भराव पडला, तेव्हा पुरावा म्हणून मी एकटीच उरले. दिवाळीला घरी यायचं, मग नागपूरला माझी तपासणी करायची, असं ठरलं. मला वाटलं, आता तरी कुणी माझं ऐकेल.

मला घरी ठेवून सुरभी आठवडाभर मामाकडे गेली. इकडे तिच्या आईनं, विमलताईंनी, फराळासाठी बरण्या काढल्या. कापसाच्या मुलखातली बाई, काळी माती म्हणजे कसदारच! मी कुंडीत गेले, चिठ्ठी गरम पाण्यात गेली, बरणीत शेव आली. माझ्यातल्या मिठामुळं आणि तेलामुळं गोडलिंबानं चार दिवसांत मान टाकली.

सुरभी परतली. "आई, बरणीतली माती कुठी गेली वं?"

"गोडलिंबाले घातली. इतकी काळीभोर माती वाया काहून घालवू?"

पोरगी कुंडीपाशी बसून माती उकरू लागली. कुंडीतल्या मातीत मिसळलेली मी आता तपासणीच्या कामाची नव्हते. तिच्याइतकीच मीही चडफडले.

तिचे वडील बबनराव आले. त्यांनी माझं ढेकूळ चुरगाळून हुंगलं.

"असाच वास आपल्या गोठ्यामागं येते," ते म्हणाले. "ट्रॅक्टरचं जळकं ऑइल मी तिथंच ओततो नं. मले वाटे, उन्हानं गवत उगवत नाही."

"बाबा, तिथून आपली विहीर किती लांब आहे?"

"वीस पावलं."

सुरभी उठली. शेव ताटात ओतली, बरणी धुतली आणि खुरपं घेऊन गोठ्यामागं गेली.

माझं जे व्हायचं ते झालं. पण विमलताई, हात जोडते, ती बरणी भरून आली की आधी तिच्यावरची चिठ्ठी वाचा.