लॉनमधली हुमणी

शेषरावांनी लॉनचा पिवळा पडलेला कोपरा मुठीत धरून ओढला, आणि गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं. मुळं शिल्लकच नव्हती. खाली तांबड्या डोक्याच्या, लठ्ठ पांढऱ्या अळ्या वेटोळं करून पडल्या होत्या. त्यांच्या पातळ कातड्यातून पोटातलं काळं दिसत होतं. शेषरावांनी हातातलं गवत फेकून दिलं.

"हुमणी!" असं म्हणत ते हात धुवायला नळाकडे धावले.

जन्म हळदीच्या पट्ट्यातल्या कुरुंदा गावचा, त्यामुळे हुमणी ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. पण हळदीच्या रानात असते ती कीड, आणि आपल्या दारात असते ती घाण, असा त्यांचा खाक्या. हिंगोलीतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, लोकांच्या जखमांतला पू धुतला, कधी नाक मुरडलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र स्वच्छतेचं असं खूळ डोक्यात शिरलं की पद्माबाईंना स्वतःच्या अंगणात पाय टाकायची चोरी झाली.

चूक त्यांची स्वतःचीच होती. उन्हाळ्यात धाकट्या भावाकडून, सुदामकडून, त्यांनी शेणखत मागवलं. "दादा, खत कच्चं हाय, कुजू द्या," असं तो सांगत होता. यांना दम निघेना. शिवाय लॉन येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून कडुनिंबाला मोठा दिवा टांगला. त्या उजेडाला हुमणीचे भुंगेरे जमले आणि कच्च्या खतात अंडी घालून गेले. हे सगळं कळत असूनही शेषरावांनी फोन लावला तो सुदामला.

"तुझ्या उकिरड्याची घाण माझ्या दारात आणून टाकलीस व्हय रे?"

दुसऱ्या दिवशी सुदाम खुरपं घेऊन हजर. रागाचं नावही नाही.

"नुसतं वरून औषध फवारून काई होत न्हाई, दादा. आदी हातानं येचाव्या लागतात. मंग ही बुरशीची पावडर वल्या मातीत द्यायची, तिनं उरलेल्या मरतात. अन् तो दिवा काडा, न्हाईतर पुढच्या साली पुन्ना हाईच."

तो उकिडवा बसून माती उकरू लागला. अळी दिसली की चिमटीत धरून साबणाच्या पाण्याच्या बादलीत. एखादी बोटांतच फुटायची, तपकिरी पाणी मनगटावर ओघळायचं. सुदाम ते धोतराला पुसून पुढची उचलायचा. शेषराव नाकाला रुमाल लावून ओट्यावर उभे होते.

"हातमोजे तरी घाल."

"काहून? मातीच तर हाय."

बादलीत पांढरा थर वळवळत होता. शेषरावांना तिकडे बघवेना आणि नजरही हलवता येईना.

दुपारी सुदामने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. दोघे भाऊ भेटले की एकाच ताटात जेवायचे, नातवंडं झाली तरी ती रीत मोडली नव्हती. पद्माबाईंनी एकच ताट वाढलं. सुदामने भाकरी मोडली, वरणात कुस्करली आणि पहिला घास नेहमीसारखा थोरल्याकडे सरकवला. शेषरावांना त्या घासात वळवळणारं पांढरं दिसलं. त्यांनी झटक्यात हात मागे घेतला.

"पद्मा, मला दुसरं ताट दे."

"आवं, काहून?" पद्माबाईंनी विचारलं.

"जरा पोटाची तकलीफ हाय."

सुदामने आपल्या नखांकडे पाहिलं. ती स्वच्छ होती.

"बराबर हाय, दादा," तो हळूच म्हणाला. "तुमी बसा निवांत." आणि ताट उचलून तो बाहेर पायरीवर गेला.

"भाऊजी, आत या की!" पद्माबाईंनी हाक मारली. तो पाठमोरा जेवत राहिला. ताट पुसून खाल्लं, खुरपं पिशवीत टाकलं आणि "येतो, वहिनी" म्हणून निघून गेला. शेषरावांना उठून त्याला थांबवायचं होतं, पण ते आपल्या ताटावरून उठले नाहीत. आता त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

बऱ्याच वेळाने ते दाराशी आले. सुदामने ताट नळावर घासून, विसळून उंबऱ्याबाहेर पालथं घालून ठेवलं होतं. गावात लोक या दोघांच्या वडिलांना उंबऱ्याबाहेरच वाढायचे, आणि जेवून उठले की वडील ताट असंच धुऊन पालथं ठेवायचे.